न पाहिलेल्या झाडाचं औषध

चिनी वैद्यकाची गेली पंधराशे वर्षं ज्या डिंकावर भिस्त आहे, त्याचं झाड चीनच्या मातीतलं नाही. ते उगवतं ओमानच्या धोफार प्रांतात, येमेनच्या कोरड्या घळींत, सोमाली किनाऱ्यालगतच्या चुनखडीच्या कड्यांवर. तिथं मातीपेक्षा दगड जास्त. झाड बुटकं, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेलं. साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटणारी. त्या सालीला छेद दिला की पांढरट चीक पाझरतो आणि वाऱ्याऊन्हात दहा-पंधरा दिवसांत त्याचे खडे होतात. पहिल्या छेदाचा चीक बहुधा टाकूनच देतात. त्याच जागी पुन्हा छेद द्यायचा, पुन्हा वाट पाहायची, तेव्हा कुठं चांगला माल हाती येतो. अरब त्याला लुबान म्हणतात, आपले वैद्य कुंदुर म्हणतात आणि चिनी औषधांच्या दुकानात त्याचं नाव आहे रूश्यांग.

इसवी सन 500 च्या सुमारास नानचिंगजवळच्या माओशान डोंगरात थाओ होंगचिंग नावाचे एक विद्वान वैद्य राहत होते. त्यांच्या नावावर असलेल्या 'मिंगयी बिएलू' या औषधसंग्रहात हा डिंक पहिल्यांदा औषध म्हणून येतो, तेव्हाच्या त्याच्या जुन्या नावानं, श्युनलूश्यांग. इतर सुगंधी द्रव्यांच्या रांगेत त्याला बसवलेलं आहे. वाऱ्यापाण्याच्या दोषानं आलेली विषारी सूज उतरवावी आणि वाईट हवा घालवावी, एवढंच त्याचं काम. नोंद दोन ओळींची. थाओंनी ते झाड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यानंतरच्या कितीतरी पिढ्यांमधल्या वैद्यांनीही पाहिलं नव्हतं. हातात यायचा तो फक्त खडा. त्याचा वास, त्याची चव आणि तो दिल्यावर रोग्याच्या चेहऱ्यात पडणारा फरक, एवढ्यावर त्यांनी सगळं ओळखलं. मला याचं राहून राहून नवल वाटतं. आपलं वैद्यक म्हणजे आपल्या मातीचं, आपल्या रानाचं, असं आपण सगळेच अभिमानानं म्हणतो. इथं मात्र एका महान वैद्यकपरंपरेनं वेदनेसारखी नाजूक गोष्ट एका परक्या, अनोळखी झाडाच्या हाती सोपवली, आणि तो विश्वास आजवर काढून घेतलेला नाही.

पुढच्या शतकांत या डिंकाचं काम बदलत गेलं. आधी तो वासाचा होता, मग रक्ताचा झाला. चिनी वैद्यांच्या समजुतीत शरीर म्हणजे वाहण्याचं ठिकाण. रक्त वाहतं, रक्ताला चालवणारी 'छी' वाहते, आणि जिथं हे वाहणं अडतं तिथं दुखतं. मार लागून काळंनिळं पडलेलं मांस, पाळीच्या दिवसांतलं पोट, गारठ्यात आखडलेला गुडघा, छातीतली कळ, न फुटणारं गळू: आपल्या डोळ्यांना हे पाच वेगवेगळे आजार दिसतात. त्यांच्या लेखी या सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट असू शकते, साकळलेलं रक्त. रूश्यांगची चव तिखट आणि कडू, प्रकृती उष्ण. तिखट पसरवतं, उष्ण चालतं करतं. हृदय, यकृत आणि प्लीहा यांच्या वाहिन्यांत तो शिरतो असं मानलेलं आहे, आणि चीनच्या आजच्या अधिकृत औषधसंहितेतही त्याची कामं याच भाषेत दिलेली आहेत: रक्त चालतं करणं, वेदना थांबवणं, सूज उतरवणं, नवं मांस भरून आणणं.

तो एकटा फारसा येत नाही. त्याच्याबरोबर बहुतेक वेळा हिराबोळ असतो, तिकडे त्याला मोयाओ म्हणतात. तोही डिंकच, तोही सोमाली आणि अरबी रानातलाच, आणि चिनी ग्रंथांत तो कुंदुरापेक्षा बराच उशिरा आला. दहाव्या शतकातल्या सोंग राजवटीच्या औषधसंग्रहात त्याला स्थान मिळालं. या जोडीबद्दल सर्वांत नेमकं सांगितलं ते ली शिचेन यांनी. जवळजवळ तीस वर्षं खपून त्यांनी 1578 मध्ये 'बंत्साओ कांगमू' हा महाग्रंथ पुरा केला. 1593 मध्ये ते गेले आणि ग्रंथ नानचिंगला छापून झाला 1596 मध्ये. आपलं छापील पुस्तक हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की कुंदुर रक्ताला चालतं करतो आणि हिराबोळ साचलेल्या रक्ताला फोडून पसरवतो. वेदना दोघंही थांबवतात, सूज दोघंही उतरवतात, जखम दोघंही भरून काढतात. म्हणून वैद्य दोघांना बरोबर देतात. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं फोडायचं.

हे वाचलं तेव्हा मी थबकले, कारण हिराबोळाला मी दुसऱ्याच नावानं ओळखत होते. बाळंतबोळ. खानदेशातल्या आमच्या घरी आत्या बाळंतपणाला आल्या की मागच्या खोलीत शेगडी धगधगायची, ओवा-वावडिंग-शेपाची धुरी व्हायची, आणि आजी गुळात बाळंतबोळ घालून मिरीएवढ्या गोळ्या वळायची. "गिळून टाक गं, तोंडात घोळवू नको," असं ती दर वेळी म्हणायची, आणि आत्या दर वेळी तोंड वाकडं करायच्या. आतलं साकळलेलं सगळं पडून जातं, पोटात कळा राहत नाहीत, हे आजीचं शास्त्र. चिनी संहितेत रूश्यांगच्या उपयोगांच्या यादीत एक उपयोग आहे: प्रसूतीनंतर अडून राहिलेलं रक्त. आजीनं ली शिचेन यांचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही, आणि ली शिचेन यांना खानदेश ठाऊक नव्हता. दोघांपर्यंत पोहोचला होता तो एकाच किनाऱ्यावरचा डिंक. मराठीनं तर त्या डिंकाला बाळंतिणीचंच नाव देऊन टाकलं. इतकं त्याला घरात घेतलं की तो समुद्रापलीकडून येतो हे आजीलाही माहीत नव्हतं.

या डिंकांची आणि माझी चिनी रूपात गाठ पडली ती हाँगकाँगमध्ये. भाच्याकडे गेले होते. शंग वान भागातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत पाय मुरगळला आणि घोटा टम्म सुजला. जवळच को शिंग स्ट्रीट आहे, दोन्ही बाजूंना काष्ठौषधींच्या वखारी असलेला रस्ता, आणि त्याच्या आसपास हाडवैद्यांची लहान लहान दुकानं. कँटोनीज बोलीत त्यांच्या विद्येला 'तिट दा' म्हणतात: पडणं आणि मार लागणं यांची विद्या. कुस्त्या आणि युद्धकला शिकवणाऱ्या गुरूंकडून ती चालत आली, म्हणून तिच्यात हाडं बसवणंही आहे आणि लेपही. वैद्यबुवा सत्तरीचे असतील. भाचा म्हणाला, "मावशी, जरा दात आवळून धर, हे म्हणतात जोरात दाबणार आहेत." त्यांनी काळपट तपकिरी औषधी दारू तळहातावर घेतली आणि घोटा चोळायला सुरुवात केली. आधी दारूचा वास आला, मग कापराचा, आणि त्याच्या खालून एक कडवट, मातकट, उबदार वास हळूहळू वर आला. तो मी कुठंही ओळखला असता.

मी भाच्याला विचारायला लावलं. वैद्यबुवांनी भिंतभर खणांच्या कपाटातले दोन खण ओढून माझ्यासमोर ठेवले. एकात फिकट पिवळे, वर पांढुरकी धूळ बसलेले, आसवांच्या आकाराचे खडे. दुसऱ्यात तांबूस तपकिरी, ओबडधोबड ढेकळं. मग त्यांनी खलात एक फिकट खडा टाकला, पाण्याचे चार थेंब सोडले आणि बत्त्यानं घासला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. दुसऱ्या खलात हिराबोळ घासला, तर पिवळट तपकिरी रंग आला. अस्सलपणाची ही जुनी परीक्षा. चीडाची राळ मिसळलेली असेल तर वास लगेच चुगली करतो, असं ते म्हणाले. भेसळ ही या मालाची जुनी सोबत आहे, आणि आजही चिनी प्रयोगशाळा कुंदुरात राळ सापडते का हे तपासतात.

कच्चा डिंक पोटाला झोंबतो. मळमळतं, कधी उलटी होते. म्हणून तो शिरक्यात परततात. संहितेत प्रमाणही दिलं आहे, शंभर किलो डिंकाला पाच किलो शिरका. मंद आचेवर डिंक हलवत राहायचं, पृष्ठभाग चकाकू लागला की शिरका शिंपडायचा आणि पुन्हा कोरडं होईपर्यंत परतायचं. शिरक्यामुळं औषध यकृताच्या वाहिनीकडे वळतं आणि वेदनेवर अधिक चालतं, अशी त्यामागची धारणा. वाटणं हीसुद्धा एक कटकटच, कारण घर्षणानं डिंक तापतो आणि खलाला चिकटून बसतो. जुने लोक त्यात दिव्याच्या वातीसाठी वापरतात त्या लव्हाळ्याचा गाभा टाकून वाटत, म्हणजे पूड सुटी राहते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावरचे थोर वैद्य चांग शीछुन (1860–1933) यांना हे परतणं पसंत नव्हतं. आगीनं डिंकाचा जोर जातो, तो कच्चाच द्यावा, या मताचे ते होते. त्यांचा 'ह्वोल्वो श्याओलिंग तान' हा योग आजही दिला जातो. त्यात दांगग्वेई आणि दानशेन ही दोन मुळं, आणि त्यांच्या जोडीला कुंदुर व हिराबोळ, चारही सारख्या वजनाची. अंगात कुठंही रक्त साकळून दुखत असेल, हातापायात, छातीत, पोटात, तर हाच योग थोडा फिरवून द्यायचा. मला या योगाचा साधेपणा आवडतो. चारांपैकी दोन चिनी मातीतली, दोन समुद्रापलीकडची, आणि तराजूत कुणीही जड नाही.

मुका मार, मोडलेलं हाड, वाहणारी जखम यांसाठी प्रसिद्ध आहे 'छी ली सान'. 'छी ली' म्हणजे सात ली, वजनाचं जुनं चिनी माप. आजच्या हिशेबानं ग्रॅमचा जेमतेम पाचवा भाग. इतकी चिमूटभर पूड दारूतून घ्यायची आणि तीच जखमेवर लावायची. तिच्यात हिरादखण, कुंदुर, हिराबोळ, कात, करडईची फुलं, कस्तुरी, कापराच्या जातीचं बिंगप्येन आणि हिंगूळ असतं. ही यादी मी एका जुन्या मराठी पंसाऱ्यासमोर ठेवली तर एका बिंगप्येनपुरतं तो अडेल, आणि तिथंही भीमसेनी कापूर काढून देईल. बाकी सगळ्यांना आपल्याकडे घरगुती नावं आहेत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. तो पोटात घेणं आज मला मान्य नाही, आणि परंपरेचा आदर म्हणून त्याबद्दल गप्प बसणंही मान्य नाही. डिंकाबद्दलही संहिता दोन ठिकाणी हात आखडता घ्यायला सांगते: पोटुशी बाई आणि नाजूक पोट. जे रक्त चालतं करतं ते गर्भालाही हलवू शकतं. मात्रा दिवसाला तीन ते पाच ग्रॅम, त्याहून जास्त नाही.

हा माल यायचा कसा, हे सांगणारा सर्वांत मोठा साक्षीदार आहे चाओ रूक्वा. फूच्यान प्रांतातलं छ्वानचौ हे त्या काळच्या जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक. 1087 मध्ये तिथं सागरी व्यापाराची सरकारी कचेरी उघडली, आणि चाओ पुढे तिचा प्रमुख झाला. परदेशी खलाशांना विचारून विचारून त्यानं 1225 मध्ये 'चूफान चि' हे पुस्तक लिहिलं. कुंदुर त्याच्या कचेरीसाठी साधी वस्तू नव्हती. सोंग सरकारनं त्याचा व्यापार स्वतःच्या हातात ठेवला होता आणि त्यावर खजिना भरत होता. चाओ लिहितो की झाड साधारण वडाच्या जातीसारखं असतं, कुऱ्हाडीनं बुंध्यावर घाव घालतात, चीक बाहेर येऊन गोठतो, मग हत्तींवर लादून तो अरबांच्या बंदराकडे नेतात आणि तिथून जहाजानं सुमात्राच्या श्रीविजय राज्यात. अरबस्तानात हत्ती! हे वाचून मला गलबलून येतं. एक माणूस कचेरीत बसून जग समजून घेण्याची पराकाष्ठा करतो आहे, न पाहिलेलं झाड त्याला पाहिलेल्या झाडासारखं कल्पावं लागतं, आणि वाळवंटातला प्रवास हत्तीशिवाय त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही.

पण जे त्याच्या हाताखालून जायचं त्यात त्याची नजर पक्की होती. कुंदुराच्या त्यानं तेरा प्रती सांगितल्या आहेत. सर्वांत वर बोटाच्या टोकाएवढे गोल, वेचून काढलेले खडे. त्याखाली बरणीत जपून ठेवलेला, मग पोत्यातला, मग वाळू-खडी मिसळलेला, मग काळा. एक प्रत जहाजात पाणी शिरून भिजलेल्या आणि रंग-वास गेलेल्या मालाची. सगळ्यांत शेवटी चाळून उरलेली धूळ. भिजलेला आणि धुळीचा मालही विकला जायचा. घेणारं कुणीतरी असायचंच, कारण दुखणं गरिबालाही असतं.

1974 मध्ये छ्वानचौच्या खाडीतल्या गाळातून तेराव्या शतकाच्या अखेरीचं एक जहाज वर काढलं गेलं. उरलेला सांगाडा सुमारे 24 मीटर लांब, आत तेरा कप्पे. त्यात खंडीवारी सुगंधी लाकूड, मिरी, सुपारी, कवड्या, आणि थोडासा कुंदुर सापडला. सातशे वर्षं खाऱ्या चिखलात राहूनही तो ओळखू आला. हे जहाज आज छ्वानचौमध्ये पाहायला मिळतं. औषधाची पुडी उलगडताना तिच्यामागं किती पाणी असतं, ते या लाकडी फळ्यांसमोर उभं राहिल्यावर कळत असावं.

चाओच्या दोनशे वर्षांनंतर चिनी माणसं खरोखर त्या किनाऱ्यावर उतरली. चिनी दर्यासारंग चंग ह याच्या आरमाराबरोबर मा ह्वान दुभाषा म्हणून गेला होता. धोफारबद्दल तो सांगतो की तिथला राजा लोकांना कुंदुर, हिरादखण, हिराबोळ, ऊद घेऊन यायला फर्मावतो आणि ते बदल्यात रेशीम व चिनी मातीची भांडी नेतात. त्यानं लिहिलेलं झाड वडासारखं नाही, एल्मसारखं आहे, लांब टोकदार पानांचं.

आणि मग या कथेत मुंबई येते. तिच्याही आधी ठाणे आलं होतं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोनं ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिताना तिथल्या धुपाचा उल्लेख केला आहे, पांढरा नव्हे तर तपकिरी. तो तपकिरी धूप आपल्या डोंगरांतल्या सालईचा असावा असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकात मात्र सोमाली किनाऱ्याचा कुंदुर एडनमार्गे थेट मुंबईत येऊ लागला. इथं तो निवडला जायचा, प्रतवारी व्हायची, आणि इथून एक वाट युरोपकडे जायची, दुसरी चीनकडे. चिनी वैद्याच्या खणातला खडा त्या काळात बऱ्याचदा मुंबईच्या गोदीतून गेलेला असे.

या मालाचं झाड नेमकं कोणतं, हा प्रश्नही मुंबईतच धसाला लागला. बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते आणि भायखळ्याच्या संग्रहालयाचं काम पाहत होते. सोमाली किनाऱ्यावरून आलेल्या रोपांवरून आणि नमुन्यांवरून त्यांनी या कुळातल्या तीन नव्या जाती जगासमोर मांडल्या. एकीला नाव दिलं अरबी किनाऱ्यावर हे झाड पाहून आलेल्या डॉक्टर कार्टर यांचं, दुसरीला गव्हर्नर फ्रिअर यांचं. तिसरीचं नाव ठेवलं बॉसवेलिया भाऊ-दाजियाना.

भाऊ दाजी लाड. मूळचे गोव्याच्या पेडण्याकडचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. शिलालेख वाचणारे, महारोगावर देशी औषध शोधत राहिलेले, गरिबांना फुकट तपासणारे, संग्रहालयासाठी बर्डवुड यांच्या खांद्याला खांदा लावून झटलेले भाऊ दाजी. 1874 मध्ये ते गेले. भायखळ्याच्या संग्रहालयाला शंभरेक वर्षांनी त्यांचं नाव मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त हलवून जातं ते दुसरंच. चीनच्या औषधसंहितेत रूश्यांगच्या नोंदीची पहिलीच ओळ हा डिंक कोणत्या झाडांचा ते सांगते, आणि तिथं दोन नावं आहेत: एक कार्टर यांचं, दुसरं भाऊ दाजींचं. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन्ही जाती एकाच जातीत, बॉसवेलिया साक्रात, धरतात. संहितेनं मात्र जुनं नाव सोडलेलं नाही. पेइचिंगमधल्या कुठल्याही औषधविद्येच्या विद्यार्थ्याच्या वहीत एका मराठी डॉक्टरचं नाव उतरतं, आणि ते उतरतं वेदनाशामकाच्या पानावर. एखाद्या वैद्याला याहून मोठा मान कोणता मिळाला असता, ते मला सुचत नाही.

आपल्याकडे या झाडाची सख्खी बहीण आहे, सालई. चोपड्याकडून सातपुडा चढू लागलात की उन्हाळ्याआधी पानं गाळून उभी असलेली, फिकट, सोलवटल्यासारख्या सालीची झाडं दिसतात, ती बहुतेक सालईच. आयुर्वेदात ती शल्लकी, हत्तींची आवडती. तिचा डिंक सांधेदुखीवर शतकानुशतकं चालत आला आहे आणि आता त्याच्या गोळ्या जगभर जातात. त्यातली बॉसवेलिक आम्लं शरीरातल्या सूज वाढवणाऱ्या एका विकराला अडवतात, हे जर्मनीतल्या संशोधकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. 2003 मध्ये नागपूरच्या वैद्यकीय संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेनं त्रासलेल्या 30 रुग्णांवर घेतलेली सालईच्या अर्काची चाचणी प्रसिद्ध केली. कुणाला अर्क, कुणाला नुसती गोळी, आणि नंतर अदलाबदल. अर्क घेतल्यावर दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेत मात्र काहीच बदल दिसला नाही. हाड जसं होतं तसंच, फक्त माणूस चालू लागला. चाचणी लहान आहे, तिच्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण पायरी उतरताना कठड्याला धरणारी माणसं माझ्या घरात आहेत, आणि त्यांच्यासाठी चार पावलं ही लहान गोष्ट नसते.

याच सालईच्या लाकडाचा लगदा करून सातपुड्यातल्या नेपानगरला वर्तमानपत्रांचा कागद काढला गेला. स्वतंत्र भारताच्या कितीतरी सकाळी त्यावर छापल्या गेल्या. ते चुकलं असं मी म्हणत नाही. पण किती झाडं गेली आणि किती परत उभी राहिली, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता.

आफ्रिकेतल्या झाडांचा असा हिशेब आता मांडला जातो आहे आणि तो वाचवत नाही. आज जगाला मिळणाऱ्या कुंदुरातला सर्वांत मोठा वाटा इथिओपिया, एरिट्रिया, सुदानमधल्या पापिरिफेरा जातीचा आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं सांगितलं की पुढच्या वीस वर्षांत हे उत्पादन निम्म्यावर येईल. म्हातारी झाडं मरत आहेत आणि खाली रोपच नाही. गुरं खातात, वणवे जाळतात. एरिट्रियातल्या आणखी एका अभ्यासातली गोष्ट मला अधिक लागली. ज्या झाडांना फार छेद दिले जातात त्यांचं बी नीट रुजत नाही. न छेदलेल्या झाडांच्या शंभरातल्या ऐंशीहून जास्त बिया उगवल्या, छेदून छेदून थकलेल्या झाडांच्या सोळा. झाड आपली साखर एकदाच खर्च करू शकतं. चीक मागत राहिलो तर ते चीक देतं, आणि तो देतं बियांच्या वाट्याचा. त्यात आता सुगंधी तेलांच्या बाटल्यांची नवी मागणी आली आहे. पूर्वी दोन हंगामांनंतर झाडाला विसावा द्यायची रीत होती अशा ठिकाणीही छेद वाढले, खोल गेले, वर्षभर चालू राहिले.

चाओ रूक्वाच्या तेरा प्रती डिंकाच्या आहेत. झाडाची प्रत त्यात नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करता येत नाही, कारण त्यानं झाड पाहिलंच नव्हतं. आपली गोष्ट वेगळी. आपल्याला प्रत्येक डोंगराचं छायाचित्र उपग्रहावरून मिळतं, प्रत्येक पोत्यावर खूण करता येते. को शिंग स्ट्रीटवरच्या वखारीत आणि पुण्या-नागपूरच्या काष्ठौषधींच्या दुकानात कुंदुर विकताना पुडीवर तीन गोष्टी छापल्या जाव्यात, असं मला मनापासून वाटतं: डिंक कोणत्या डोंगरावरचा, त्या झाडांना गेल्या वेळी विसावा कधी दिला होता, आणि छेद देणाऱ्याला किलोमागे किती मिळाले. ती पुडी चार पैसे महाग पडेल. मी ती घेईन.